ताऱ्याचा उजेड, काडीचा उजेड

१९६२ साली फ्रान्सच्या दक्षिणेकडील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून एका निरीक्षणाची बातमी प्रसिद्ध झाली. एका साध्या, शांत ताऱ्याच्या वर्णपटात पोटॅशियमच्या तेजस्वी रेषा उमटल्या होत्या. तसा तारा असे काही करील अशी कोणाची कल्पना नव्हती. पुढच्या काही वर्षांत त्याच वेधशाळेत इतर ताऱ्यांबाबतही हा प्रकार दिसला आणि ‘पोटॅशियमचे उद्रेक’ ही खगोलशास्त्रातली एक खरीखुरी समस्या होऊन बसली. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या विंग, पेइम्बर्ट आणि स्पिनरॅड या तिघांनी एक सोपा प्रश्न विचारला: हे उद्रेक एकाच वेधशाळेला का दिसतात? आगकाडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असते. त्यांनी आपल्या दुर्बिणीपाशी काड्या ओढून पाहिल्या. वर्णपटमापीत हुबेहूब त्याच रेषा आल्या. ताऱ्याचा उजेड नोंदला जात असताना अंधारात कोणीतरी काडी पेटवली असावी, आणि तिचा क्षणभराचा उजेड ताऱ्याच्या नावावर जमा झाला असावा.

प्रस्तावनेच्या सुरुवातीलाच ही गोष्ट सांगतो आहे, कारण पुढच्या पानांत जो विषय उलगडणार आहे त्याची सगळी अडचण तिच्यात आहे. त्या रेषा ठळक होत्या. त्यांच्या तरंगलांबीही अचूक होत्या, ७६६.५ आणि ७६९.९ नॅनोमीटरच्या आसपास, पोटॅशियमच्या जिथे असाव्यात तिथेच. निरीक्षक निष्काळजी नव्हते. तो वर्णपट चांगला की वाईट? काडीचा वर्णपट म्हणून तो उत्तम होता. ताऱ्याचा म्हणून मात्र तो खोटा ठरला. आज असा एखादा वर्णपट संगणकाच्या हाती दिला आणि ‘याला गुण दे’ असे सांगितले, तर तो काय करील? आणि त्याने काय करायला हवे?

विषयाशी नव्याने ओळख होणाऱ्या वाचकासाठी दोन शब्द. ताऱ्याचा किंवा दीर्घिकेचा प्रकाश लोलकातून किंवा जाळीदार रेघांच्या काचेवरून जाऊ दिला की तो रंगांत पसरतो. या पसरलेल्या पट्ट्यात कुठे काळ्या रेषा असतात, कुठे उजळ. कोणत्या मूलद्रव्याने कोणता रंग गिळला किंवा टाकला, वायू किती तापलेला आहे, वस्तू आपल्यापासून किती वेगाने दूर जाते आहे, हे सगळे त्या रेषांवरून वाचता येते. दूर जाणाऱ्या दीर्घिकेच्या रेषा तांबड्या टोकाकडे सरकतात, या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात. शास्त्रज्ञ आपसात बोलताना सरळ रेडशिफ्टच म्हणतात. आज वर्णपट म्हणजे चित्र नसून आकड्यांची एक लांब रांग असते: तीन-चार हजार पिक्सेल आणि प्रत्येकापुढे किती प्रकाश पोचला तो आकडा. अशा रांगा गेली कित्येक दशके जगभरच्या संग्रहांत साठत आल्या आहेत. ज्याने निरीक्षण केले त्याने आपले काम साधले आणि तो पुढे गेला. आता तोच वर्णपट कोणी भलताच माणूस, भलत्याच प्रश्नासाठी उघडतो. त्या रात्री ढग होते की नाही, कोणाला माहीत नसते. म्हणून प्रत्येक वर्णपटापुढे काहीतरी लिहिलेले हवे: हा किती विश्वासाचा?

यालाच मी प्रतवारी म्हणतो. हा शब्द ऐकला की आपल्याला बाजार समितीचे आवार आठवते आणि ते बरेच आहे. कांद्याची प्रतवारी करणाऱ्याला माल कशासाठी जाणार हे ठाऊक असावे लागते. बियाण्यासाठी निवडलेला कांदा आणि भाजीसाठी निवडलेला कांदा यांच्या कसोट्या वेगळ्या असतात. वर्णपटांच्या बाबतीत ही गोष्ट शिकायला खगोलशास्त्राला फार वेळ लागला आणि माझ्या मते ती अजून पुरती अंगवळणी पडलेली नाही.

सुरुवात डोळ्यांपासून झाली. हार्वर्ड वेधशाळेत ॲनी जंप कॅनन यांनी काचेच्या प्लेटांवरचे वर्णपट भिंगातून पाहून वर्गीकरण केले आणि १९१८ ते १९२४ या काळात नऊ खंडांत हेन्री ड्रेपर सूची प्रसिद्ध झाली: २,२५,३०० तारे. कॅनन मिनिटाला तीन तारे या वेगाने वर्ग सांगत आणि शेजारी बसलेली मदतनीस लिहून घेत असे. या सूचीबद्दल सगळे त्या वर्गांच्या अक्षरांविषयी बोलतात. मला मात्र तिच्यातला एक दुर्लक्षित रकाना फार मोलाचा वाटतो. प्रत्येक ताऱ्यापुढे वर्णपट प्लेटवर किती तीव्रतेने उमटला याचा एक लहानसा आकडा आहे, आणि पलीकडे शेऱ्यासाठी जागा. म्हणजे कॅननबाईंनी नुसता निकाल दिला नाही, तो कशाच्या जोरावर दिला हेही सोडून ठेवले. शंभर वर्षांनी सूची उघडणाऱ्याला कुठे जपून पाऊल टाकायचे ते कळते.

तोच वेग आज पुरेल का, याचा हिशेब करून पाहा. अ‍ॅरिझोनातल्या किट पीक पर्वतावर चार मीटरच्या मेयॉल दुर्बिणीवर ‘डेसी’ हे उपकरण बसवलेले आहे. त्यात ५,००० यांत्रिक बोटे आहेत. प्रत्येक बोट एक फायबर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारा काचेचा धागा, धरून आकाशातल्या एका ठरलेल्या वस्तूवर नेऊन ठेवते, म्हणजे एका दमात पाच हजार वर्णपट मिळतात. मार्च २०२५ मध्ये डेसीच्या चमूने जो पहिला मोठा संच सर्वांसाठी खुला केला, त्यात सुमारे १ कोटी ८७ लाख वस्तूंचे वर्णपट होते. मिनिटाला तीन, रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस अशा गतीने ते नजरेखालून घालायचे तर एका माणसाला ४३ वर्षे लागतील. तेवढ्या काळात संग्रह कुठल्या कुठे गेलेला असेल.

मी स्वतः विद्यार्थी असताना काही शे जुने वर्णपट डोळ्यांनी तपासले आहेत. अ, ब, क अशा तीन प्रती होत्या. मी आणि माझा एक मित्र, दोघे वेगवेगळे बसून प्रत द्यायचो आणि मग ताडून पाहायचो. अ आणि क यांवर आमचे सहसा जमायचे. भांडण व्हायचे ते ब वर. नंतर मार्गदर्शकांनी एक युक्ती केली: मीच आधी पाहिलेले पन्नास वर्णपट त्यांनी न सांगता पुन्हा माझ्या गठ्ठ्यात घातले. त्यांतल्या बऱ्याच वर्णपटांना मी आधीपेक्षा वेगळी प्रत दिली होती. सकाळी ज्याला ब म्हटले त्याला संध्याकाळी क. मला खूप वाईट वाटले. पण त्या दिवशी जे शिकलो ते नंतर कुठल्याही पुस्तकात इतके स्पष्ट भेटले नाही. प्रत देणाऱ्यालाही प्रत असते आणि ती मोजता येते.

आता यंत्राकडे येऊ. सर्वांत साधी कसोटी म्हणजे खऱ्या प्रकाशाचे प्रमाण आणि त्यातली थरथर यांची तुलना. प्रकाश कणाकणाने येतो. एका पिक्सेलवर सरासरी शंभर कण पडत असतील, तर निव्वळ योगायोगाने तो आकडा दहाने वरखाली होतो, म्हणजे प्रमाण दहास एक. दहा हजार कण पडले तर थरथर शंभराची, प्रमाण शंभरास एक. म्हणून दुप्पट चांगला वर्णपट हवा तर चौपट वेळ दुर्बीण लावून बसावे लागते. पण जुन्या संग्रहात अनेकदा थरथरीचा अंदाज नोंदलेलाच नसतो, नुसती आकड्यांची रांग असते. तिच्यातूनच थरथर कशी काढायची?

२००८ साली युरोपातल्या संग्रहांवर काम करणाऱ्या मंडळींनी यावर इतके सुंदर उत्तर दिले की पहिल्यांदा वाचताना मी कागद घेऊन करून पाहिले होते. कोणताही एक पिक्सेल घ्या. त्याच्या आकड्याची दुप्पट करा. डावीकडचा एक सोडून पुढचा आणि उजवीकडचा एक सोडून पुढचा, हे दोन्ही आकडे त्यातून वजा करा. वर्णपट तिथे सरळ चढत किंवा उतरत असेल तर उत्तर शून्य येते. उरते ती फक्त थरथर. सगळ्या पिक्सेलांसाठी हे करा, चिन्ह विसरा, येणाऱ्या उत्तरांना चढत्या क्रमाने लावून बरोबर मधले उत्तर उचला आणि त्याला सुमारे ०.६०५ ने गुणा. झाली थरथर. सरासरी न घेता मधले उत्तर घेतले की एखाद्या वैश्विक किरणाने एक-दोन पिक्सेलांवर घातलेला धुमाकूळ हिशेबात शिरत नाही. शेजारचा पिक्सेल सोडून पलीकडचा घेण्याचेही कारण आहे: प्रक्रिया करताना शेजारच्या पिक्सेलांची थरथर एकमेकांत थोडी मिसळलेली असते.

पण हीच पद्धत कुठे फसते तेही पाहिले पाहिजे. एखाद्याने वर्णपट संग्रहात देण्यापूर्वी तो जास्तच गुळगुळीत केला, तर थरथर चार-पाच पिक्सेलांपर्यंत पसरते. मग यंत्राला ती दिसतच नाही आणि ते वरची प्रत देऊन मोकळे होते. वर्णपट चांगला झालेला नसतो. फक्त त्याचे दोष दिसेनासे झालेले असतात. आणि काडीचा वर्णपट? त्याला हे सूत्र आनंदाने पहिली प्रत देईल. थरथरीचे प्रमाण फक्त इतकेच सांगते की उजेड पुरेसा होता. तो कोणाचा होता, याबद्दल ते गप्प असते.

उजेड कोणाचा, हा प्रश्न निरीक्षकाच्या पाठीवर कायमचा बसलेला आहे. आपल्या वातावरणातला ऑक्सिजन रात्रभर ५५७.७ नॅनोमीटरवर हिरवा मंद चमकत असतो. शहरातले पाऱ्याचे दिवे ४३५.८ आणि ५४६.१ वर रेघ मारतात, सोडियमचे पिवळे दिवे ५८९ च्या आसपास. वातावरणातलाच ऑक्सिजन ७६० च्या जवळ प्रकाशाचा मोठा घास घेतो. आकाशाचा हा वाटा वजा करावा लागतो आणि वजाबाकी जरा चुकली की खोटी रेषा उभी राहते. तिला यंत्र दीर्घिकेची रेषा समजले तर दीर्घिका अब्जावधी प्रकाशवर्षे इकडची तिकडे जाते.

याच चुकीशी झगडताना प्रतवारीची खरी पद्धत घडत गेली. तिचा इतिहास ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंगच्या ३.९ मीटर दुर्बिणीवर जवळजवळ सलग पाहायला मिळतो. १९९७ ते २००२ या काळात तिथे एकाच वेळी ४०० फायबर लावून दीर्घिकांची मोठी पाहणी झाली आणि सुमारे २ लाख २१ हजार दीर्घिकांची विश्वसनीय ताम्रसृती हाती आली. संगणक अंदाज सांगे, माणूस वर्णपट पाहून तो मान्य करी किंवा बदली, आणि एक ते पाच यांतला एक अंक देई. तीन किंवा त्याहून जास्त म्हणजे वापरण्याजोगा. त्याच दीर्घिका पुन्हा पाहून पडताळा घेतला तेव्हा अशा वर्णपटांची विश्वसनीयता ९८.४ टक्के निघाली आणि वेगातली अनिश्चितता सेकंदाला ८५ किलोमीटर. डोळ्यांनी केलेले काम म्हणून हे फारच चांगले आहे. त्यांनी आपल्या पाहणाऱ्यांनाही मोजले, ही गोष्ट मला त्या आकड्यांहून मोठी वाटते.

पुढे त्याच दुर्बिणीवर ‘गामा’ नावाच्या पाहणीत २ लाख ३० हजारांहून अधिक वर्णपट घेतले गेले. तिथेही आधी माणसेच अंक देत होती आणि कोणाचा हात सढळ, कोणाचा आखडता हा जुना त्रास होताच. शेवटी त्यांनी पूर्ण स्वयंचलित पद्धत लिहिली. २०१४ मध्ये इव्हान बॉल्ड्री आणि सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली. वर्णपट नमुन्याच्या वर्णपटांवर सरकवत न्यायचा आणि कुठे सर्वांत चांगला बसतो ते पाहायचे. इथवर नवे काही नाही. नवे होते ते पुढचे पाऊल. सर्वांत चांगली जागा दुसऱ्या क्रमांकाच्या जागेपेक्षा किती सरस आहे, हे धरून एक गुण काढला. मग त्या गुणाला अर्थ कोणी दिला? माणसाने नाही. एकच दीर्घिका दोन वेगळ्या रात्री पाहिलेली असेल तर दोन्ही उत्तरे जुळतात की नाही ते पाहायचे. न जुळली तर निदान एक तरी चूक आहे. अशा हजारो जोड्यांवरून ठरले की अमुक गुण मिळाला तर उत्तर बरोबर असण्याची शक्यता अमुक टक्के. वेगातली अनिश्चितता मध्यमानाने सेकंदाला ३३ किलोमीटरपर्यंत खाली आली.

हा बदल नीट समजून घ्यावा अशी माझी वाचकाला विनंती आहे. ‘ब’ म्हणजे काय, हे मला आणि माझ्या मित्राला कधीच सांगता आले नसते. ‘शंभरांत पंच्याण्णव वेळा बरोबर’ याचा अर्थ कोणालाही कळतो आणि तो खोटा असेल तर पकडताही येतो. प्रत म्हणजे मत न राहता ती एक तपासता येणारी प्रतिज्ञा झाली.

तरी पुनरावृत्ती हा साक्षीदार सर्वज्ञ नाही. दोन्ही रात्री एकच चूक झाली तर दोन्ही उत्तरे जुळतील आणि यंत्र छातीठोकपणे चूक सांगेल. आकाशातल्या हिरव्या रेषेची जागा रोज तीच असते. ओत-प्रोव्हान्समध्येही उद्रेक एकदाच दिसला नव्हता, पुन्हा पुन्हा दिसला होता, आणि म्हणूनच तो खरा वाटला. उलगडा झाला तो दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या माणसांनी करून पाहिल्यावर. पडताळा घ्यायचा तर तो शक्यतो वेगळ्या उपकरणावर, वेगळ्या हातांनी.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंट इथे स्लोन पाहणीने दुसरी वाट धरली आणि मला ती अधिक मनापासून आवडते. तिथे एकच अंक न देता तक्रारींची यादी ठेवली. प्रत्येक तक्रारीला दोनच्या घातातला एक आकडा: १, २, ४, ८, १६ असा. हा फायबर मुळात रिकाम्या आकाशावर लावलेला होता, १. नमुन्यांतल्या पहिल्या दोन पर्यायांत पुरेसा फरक नाही, ४. फार पिक्सेल नमुन्यापासून फटकून आहेत, १६. सगळ्यांची बेरीज नोंदवायची. २० दिसले की ४ आणि १६ या दोन तक्रारी आहेत हे कळते, कारण दुसऱ्या कुठल्याही प्रकारे ती बेरीज होत नाही. शून्य म्हणजे तक्रार नाही. या यादीतली १२८ ही तक्रार मला नेहमी तिथल्या माणसांची आठवण करून देते. या पाहणीत बरीच वर्षे ॲल्युमिनियमच्या मोठ्या चकत्यांवर आकाशातल्या वस्तूंच्या जागी भोके पाडली जात आणि माणसे दिवसा बसून हाताने एकेका भोकात फायबर खोचत. एखादा फायबर निसटे. त्यातून येणारा वर्णपट म्हणजे इकडून तिकडून झिरपलेला उजेड. १२८ चा अर्थ एवढाच: फायबर भोकात नव्हता.

आणि १६ ची गंमत पाहा. पाच टक्क्यांहून जास्त पिक्सेल नमुन्यापासून फार दूर असतील तर ही खूण लागते. वाटते की हा वर्णपट नासका. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा अतिशय स्वच्छ वर्णपटांना लागते. थरथर इतकी कमी असते की नमुन्यातल्या बारीकशा उणिवाही मोठ्या दिसू लागतात. रुंद रेषांच्या सक्रिय दीर्घिकांनाही ती लागते, कारण नमुन्यांच्या पेटीत त्यांच्यासारखे कोणी नसते. दोष नमुन्याचा, खूण वर्णपटावर. एकाच अंकाची प्रत असती तर हे उत्तम वर्णपट मुकाट्याने खाली ढकलले गेले असते आणि का, ते कोणालाच कळले नसते. खुणेमागचे कारण लिहिलेले होते म्हणून ती वाचता आली आणि बाजूला सारताही आली.

न्यूरल नेटवर्कचा, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकी जाळ्याचा, यातला प्रवेश अलीकडचा आहे असे अनेकांना वाटते. पण पुण्यात ‘आयुका’ या खगोलसंस्थेत गुलाटी, गुप्ता, गोठोसकर आणि खोब्रागडे यांनी ताऱ्यांच्या वर्णपटांचे वर्गीकरण न्यूरल नेटवर्ककडून करवून घेतले आणि त्यांचा निबंध १९९४ साली ॲस्ट्रोफिजिकल जर्नलमध्ये आला. त्या काळच्या संगणकांवर हे काम म्हणजे चिकाटीची परीक्षा असणार. जगात या वाटेने जाणाऱ्या पहिल्या मोजक्या गटांत हा गट होता. असे जाळे शिकवायचे तर आधी विश्वासाचे वर्णपट हवेत, म्हणून ही मंडळी संग्रहाच्या कामाकडेही वळली. रंजन गुप्ता आणि दिल्लीचे हरिंदर सिंग यांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर किट पीकच्या ०.९ मीटर दुर्बिणीवरून १,२७३ ताऱ्यांचे वर्णपट जमवले आणि २००४ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. त्यांतल्या ८८५ ताऱ्यांचा पट्टा सलग पुरा आहे. उरलेल्या ३८८ ताऱ्यांच्या पट्ट्यांत मध्ये खंड आहेत. त्यांनी ते ३८८ टाकून दिले नाहीत. खंड कुठे आहेत ते सांगून संग्रहात ठेवले. ज्याचा प्रश्न तुटलेल्या भागाबाहेरचा आहे त्याला तो तारा पूर्णच आहे.

आजच्या जाळ्यांची ताकद मोठी आहे. स्लोन पाहणीच्या पुढच्या टप्प्यात २,९७,३०१ क्वेसारांची (फार दूरच्या, अतिशय तेजस्वी दीर्घिकाकेंद्रांची) सूची तयार झाली ती माणसांनी एकेक वर्णपट डोळ्यांखालून घालून. २०२० च्या शेवटच्या सूचीत ७,५०,४१४ क्वेसार होते आणि तोवर सगळे पाहणे माणसांच्या आवाक्याबाहेर गेले होते. मधल्या काळात बुस्का आणि बालाँ यांनी एक जाळे बनवले होते. ते शिकले त्याच आधीच्या, माणसांनी पाहिलेल्या वर्णपटांवर. म्हणजे त्या शेकडो कंटाळवाण्या रात्री वाया गेल्या नाहीत, त्यांचेच रूपांतर यंत्राच्या नजरेत झाले. पण ज्यांच्या डोळ्यांनी यंत्र शिकते त्यांच्या सवयीही ते उचलते. माझी संध्याकाळची क कोणा यंत्राने गिरवली असती तर ती लाखो वर्णपटांवर गिरवली गेली असती आणि तेही कधी न थकता. डेसीच्या लोकांनी मुख्य पाहणीआधी हजारो वर्णपट माणसांकडून शून्य ते चार अशा अंकांनी तपासून घेतले. एकाच वर्णपटावर एकाहून अधिक जणांची नजर जाईल अशी व्यवस्था केली आणि त्या सरासरीवर यंत्राला तोलले. माणसाची जागा इथे उरलेली आहे, फक्त ती बदलली आहे. आता तो वर्णपटांना प्रत देत नाही, प्रत देणाऱ्याला देतो.

आणि एक प्रश्न असा आहे की त्यावर या क्षेत्रातल्या माणसांनी रात्री जागवाव्यात: विचित्र आणि वाईट यांतला फरक यंत्राला कसा कळावा? दोन्ही नेहमीच्यापासून सारखेच दूर असतात. २०१७ मध्ये डाल्या बॅरन आणि डोवी पोझनान्स्की यांनी स्लोनच्या वीस लाखांहून अधिक दीर्घिकांतून संगणकाकरवी सर्वांत वेगळे वर्णपट वेचून काढले आणि पहिले चारशे स्वतः बारकाईने पाहिले. त्यांत विलक्षण तीव्र रेषांच्या, धुळीने लालबुंद झालेल्या, एकमेकींत गुंतलेल्या दीर्घिका निघाल्या. गुणवत्तेची चाळणी जरा बारीक लावली असती तर यांतल्या किती गळाल्या असत्या?

ॲडम बोल्टन यांचे काम या संदर्भात मला नेहमी आठवते. स्लोनच्या काही दीर्घिकांच्या वर्णपटांत उपऱ्या रेषा होत्या. दीर्घिकेची ताम्रसृती एक आणि या रेषांची भलतीच, कितीतरी जास्त. ताम्रसृती मोजणाऱ्याच्या दृष्टीने ही भेसळ, आणि भेसळीच्या मालाला खालची प्रत. बोल्टन आणि सहकाऱ्यांनी मुद्दाम अशीच भेसळ शोधली. त्यांचा कयास असा की समोरच्या दीर्घिकेच्या बरोबर मागे, खूप दूर, दुसरी दीर्घिका असावी आणि पुढचीच्या गुरुत्वाकर्षणाने मागचीचा प्रकाश वाकून एकाच फायबरमध्ये शिरत असावा. हबल दुर्बिणीने पाहिल्यावर २००६ मध्ये त्यांनी १९ नवी गुरुत्वीय भिंगे जाहीर केली. मागच्या दीर्घिका प्रकाशाच्या कमानी होऊन पुढच्यांभोवती उमटल्या होत्या. आणि याच बोल्टन यांनी पुढे, २०१२ मध्ये, स्लोनच्या नव्या टप्प्यासाठी ताम्रसृती मोजणाऱ्या आणि वर सांगितलेल्या तक्रारी नोंदवणाऱ्या संगणकपद्धतीचा मुख्य निबंध लिहिला. ज्याने भेसळीतून सोने काढले त्याच्याच हाती प्रतवारी होती. मला वाटते त्या यादीत निकाल कमी आणि कारणे जास्त असण्यामागे हे असावे.

जुन्या संग्रहांना प्रत देताना आणखी एक काम असते आणि त्याचे कौतुक कोणी करत नाही. इंटरनॅशनल अल्ट्राव्हायोलेट एक्स्प्लोरर हा उपग्रह १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षे चालला आणि एक लाखाहून अधिक वर्णपट ठेवून गेला. इतक्या वर्षांत कॅमेरे म्हातारे झाले, प्रक्रियेच्या पद्धती बदलल्या. शेवटी सगळे पुन्हा एकाच पद्धतीने करायचे ठरले, तेव्हा निरीक्षणांच्या मूळ नोंदी जुन्या कागदांशी ताडून पाहाव्या लागल्या. मग प्रत्येक वर्णपटातल्या प्रत्येक पिक्सेलमागे खूण ठेवली गेली: इथे कॅमेरा प्रकाशाने तुडुंब भरला होता, इथे कॅमेऱ्यावरच कोरलेला खुणेचा ठिपका आहे. त्यामुळे ‘हा वर्णपट वाईट’ असे सरसकट म्हणण्याची गरज उरत नाही. ‘या वर्णपटातले हे चाळीस पिक्सेल वापरू नका’ एवढे म्हणता येते. हे काम करणाऱ्यांची नावे शोधनिबंधांच्या मथळ्यांत येत नाहीत. पुढची प्रकरणे वाचताना त्यांची आठवण असू द्यावी.

यंत्राच्या प्रतवारीला माझा विरोध नाही, उलट तिच्यावाचून पुढचा मार्गच नाही असे मी मानतो. माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. प्रतीबरोबर शेरा असावा. प्रत कोणत्या प्रश्नासाठी दिली ते लिहिलेले असावे. आणि सर्वांत खालची प्रत मिळालेला वर्णपटही जागचा हलू नये. डिस्क स्वस्त झाल्या असल्या तरी ‘निरुपयोगी ते काढून टाकू’ असा प्रस्ताव दर काही वर्षांनी कुठल्या ना कुठल्या बैठकीत येतोच. तेव्हा मला कॅलिफोर्नियातली एक काचेची प्लेट आठवते.

१९१७ साली माउंट विल्सन वेधशाळेत वॉल्टर ॲडम्स यांनी एका मंद ताऱ्याचा वर्णपट त्या प्लेटवर घेतला. तो तारा त्याच सुमारास आड्रियान व्हान मानेन यांनी शोधला होता. प्लेट कागदी पाकिटात गेली. पाकिटावर कोणीतरी हाताने लिहिले की हा एफ वर्गाचा दिसतो, सूर्यापेक्षा किंचित तापलेला. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे शेरा योग्यच होता, कारण कॅल्शियमच्या रेषा तशाच होत्या. पुढे कळले की तो सूर्यासारखा तारा नसून श्वेतबटू आहे, सुमारे १४ प्रकाशवर्षांवरचा, विझत चाललेला लहानसा गोळा. श्वेतबटूच्या प्रचंड गुरुत्वाकर्षणात कॅल्शियमसारखी जड मूलद्रव्ये तळाशी बुडून जायला हवीत. ती पृष्ठभागावर दिसतात याचा अर्थ वरून अजून काहीतरी पडते आहे: फुटलेल्या ग्रहांचा, खडकांचा चुरा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला या विषयाचा आढावा लिहिताना जे फारिही यांना ताऱ्याच्या पहिल्या वर्णपटाची गरज पडली. त्यांनी कार्नेगी वेधशाळांच्या संग्रहात विचारले, तिथल्या लोकांनी ती प्लेट शोधून काढली आणि रेषा तिथे होत्या. दुसऱ्या सूर्यमालेतल्या खडकांचा पुरावा, सूर्याभोवतीच्या ग्रहांखेरीज एकही ग्रह माणसाला ठाऊक नव्हता त्या काळात नोंदलेला, जवळजवळ शंभर वर्षे पाकिटात होता. पाकिटावर तारीख होती, ताऱ्याचे नाव होते आणि पेन्सिलीने की शाईने केलेला तो शेराही होता.